१८९७ चा पुण्याचा प्लेग: कोणाला काय समजलं होतं?

पीएचडीची प्रवेश परीक्षा पार पडली की पुढचा घाट म्हणजे संशोधन आराखडा. साथीचे रोग, लसीकरण, आरोग्यविषयक जनजागृती असा विषय घेणाऱ्यांचे बरेच आराखडे साधारण एकाच वाक्याने सुरू होतात: "लोकांमधील अज्ञान व अंधश्रद्धा यांमुळे उपाययोजनांना विरोध झाला." वाक्य गुळगुळीत आहे, समितीतही त्यावर सहसा कोणी हरकत घेत नाही. पण जरा थांबून बघा. यात प्रश्न कुठे आहे? उत्तर पहिल्याच ओळीत देऊन टाकलं की पुढची चार-पाच वर्षं तुम्ही फक्त त्या उत्तराला उदाहरणं गोळा करत बसणार.

आज हे वाक्य आपण एका ठिकाणी नेऊन तपासूया. ठिकाण पुणे, साल १८९७. साथ कशी पसरते, ती कशी थांबवायची, लस म्हणजे काय, हे सगळं लोकांना समजावून सांगण्याची वेळ या शहरावर फार लवकर आली. ते कोणी समजावलं, काय समजावलं आणि मुळात समजावणाऱ्यांना तरी किती समजलं होतं, हे तीन प्रश्न डोक्यात ठेवून पुढे वाचा.

आधी घटनाक्रम, थोडक्यात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रुग्ण तपासून हा प्लेग आहे असं जाहीर केलं. त्या वेळच्या मराठीत याला 'ग्रंथिक सन्निपात' किंवा साधं 'गाठीचा ताप' म्हणत. मुंबईतून लोक घरं सोडून बाहेर पडू लागले आणि रोग रेल्वेने त्यांच्या मागोमाग निघाला. पुणे तर अगदी हाकेच्या अंतरावर. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला. जेमतेम चार कलमांचा कायदा. सरकारला योग्य वाटतील ते उपाय करण्याची मुभा, न ऐकणाऱ्याला शिक्षा आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण, इतकंच त्यात आहे. लोकांना माहिती द्यावी, विश्वासात घ्यावं, असं एकही कलम नाही. त्याच महिन्यात वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याला पुण्याच्या प्लेग समितीचा अध्यक्ष म्हणून आणलं गेलं. साताऱ्याकडे असताना वाईच्या ब्राह्मणांना वाद्यं वाजवण्यावरून झालेली शिक्षा लोकांच्या लक्षात होती, त्यामुळे नाव ऐकूनच अनेकांच्या कपाळाला आठी पडली असणार. १३ मार्चपासून १९ मेपर्यंत गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घराघरांत शिरून रुग्ण शोधत होत्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला.

आपल्या पाठ्यपुस्तकात गोष्ट २२ जूनला टोकाला पोचते आणि पुढे फाशीवर संपते. ते स्वाभाविकही आहे. पण साथीच्या इतिहासाच्या दृष्टीने खरा ऐवज १३ मार्च ते १९ मे या दोन-सव्वादोन महिन्यांत आहे, म्हणून आपण तिथेच जरा रेंगाळू.

घरझडतीत नेमकं काय होत होतं? तुकडी दारात यायची, घरातल्या सगळ्यांना बाहेर काढायचं, अंधाऱ्या खोल्या, माळे, कोठारं धुंडाळायची. कोणाला ताप आहे का, अंगावर गाठ आहे का, हे बघायचं. संशयित सापडला तर त्याची रवानगी इस्पितळात, घरच्या उरलेल्या माणसांची गावाबाहेरच्या छावणीत. मग घर धुवायचं, जमीन उकरायची, चुना मारायचा, कपडे-चिंध्या जाळायच्या. आता एक वैद्यकीय तपशील लक्षात घ्या. प्लेगची गाठ येते कुठे? बहुतेक वेळा जांघेत, नाहीतर काखेत किंवा मानेला. म्हणजे तपासणी करायची तर शरीराच्या याच जागा बघायच्या. परक्या पुरुषाने, तोही बंदूकधारी सैनिक, घरातल्या बाईची जांघ नाहीतर काख बघायची. 'स्त्रियांची विटंबना' हा शब्द त्या काळच्या मराठी लिखाणात सारखा येतो. तो निव्वळ भावनेच्या भरात आलेला नाही, या रोगाच्या लक्षणातच त्याचं मूळ आहे. वैद्यकाचा इतिहास लिहिताना रोगाची लक्षणं नीट वाचायची असतात ती यासाठी. नुसता राजकीय इतिहास वाचला तर हा दुवा हातात येत नाही.

आता सरकारी डॉक्टरांकडे वळू. त्यांना काय माहीत होतं? १८९४ मध्ये हाँगकाँगच्या साथीत येरसँ आणि कितासातो यांनी प्लेगचा जिवाणू शोधला होता. म्हणजे रोग कशामुळे होतो हे कळलं होतं. तो एका शरीरातून दुसऱ्या शरीरात कसा जातो, हे मात्र कळलं नव्हतं. घाणीतून, जमिनीतून, कोंदट हवेतून, कपड्यांतून, धान्यातून, नाहीतर रुग्णाच्या श्वासातून, असे अनेक तर्क चालू होते. म्हणून तर जमीन उकरणं, कपडे जाळणं आणि सगळीकडे कार्बोलिक ॲसिड शिंपडणं चाललं होतं. उंदरावरच्या पिसवा हा रोग माणसापर्यंत आणतात, ही कल्पना पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून मांडली. तीही लगेच कोणी मानली नाही. १९०५ पासून मुंबईत प्लेग संशोधन आयोगाने उंदीर आणि पिसवांवर पद्धतशीर काम केलं, तेव्हा कुठे ती सर्वमान्य झाली.

म्हणजे १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात काय चाललं होतं बघा. सैनिक माणसं शोधत होते आणि रोग घराच्या भिंतीतल्या बिळात होता. माणूस इस्पितळात गेला, घरचे छावणीत गेले, घर धुतलं गेलं आणि उंदीर शेजारच्या घरात गेले. ज्या उपायासाठी इतकी जबरदस्ती झाली, त्याच्या शास्त्रीय पायालाच एक मोठं भोक होतं. अधिकारी मूर्ख होते असा याचा अर्थ घेऊ नका. त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे ते वागत होते. पण मग 'अज्ञान' हा शब्द फक्त एका बाजूला लावून कसं चालेल?

दुसरी बाजू काय करत होती? लोक घरं सोडून जात होते. ज्यांना शक्य होतं ते गावी, नातेवाइकांकडे, नाहीतर सरळ माळावर खोपटी टाकून राहत होते. देशातल्या काही भागांत, विशेषतः कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात, घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचं, ही जुनी रीत होती. सरकारी कागदपत्रांत सुरुवातीला या निघून जाण्याला पळापळ, घबराट असं म्हटलं आहे. काही वर्षांत मात्र तेच 'स्वेच्छेने स्थलांतर' म्हणून सरकारनेच शिफारस केलेला उपाय झाला, कारण उंदरांनी भरलेलं घर सोडणं हा खरोखरच उपयोगी उपाय होता. गावोगाव पिसवाही थोड्या नेल्या गेल्याच, हेही तितकंच खरं. तरी एकाच कृतीला आधी 'घबराट' आणि मग 'उपाय' म्हणणारे हे कागद आहेत. तुम्ही दप्तरखान्यात बसाल तेव्हा असे शब्द बदलताना पकडायचे. पुण्याच्या नकाशावरही याची एक खूण राहिली आहे. धोंडो केशव कर्वे यांचा विधवांसाठीचा आश्रम शहरातून हिंगण्याला हलला, त्यामागे शहरातला प्लेग हे एक मोठं कारण होतं.

आता अफवा. यावर जरा जास्त बोलायला हवं, कारण 'गैरसमज' या प्रकरणात आपण सगळ्यात घाईने निकाल देतो.

मुंबईत १८९६ च्या शेवटी अशी बोलवा होती की इस्पितळात नेलेल्या माणसांना उलटं टांगून त्यांच्या अंगातून तेल काढतात. या तेलाला 'मोमियाई' म्हणत. त्याच सुमारास राणी व्हिक्टोरियाच्या मुंबईतल्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं होतं, त्याचा सूड म्हणून राणीने प्रजेचे बळी मागितलेत, अशीही अफवा होती. (हे डांबर आपण फासलं असं दामोदर चापेकरने पुढे तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात सांगितलं आहे. अफवेचा आणि राजकारणाचा धागा असा एकमेकांत गुंतलेला असतो.) २९ ऑक्टोबर १८९६ ला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्लाही केला.

हे वाचून हसू येतं किंवा कीव येते. पण अफवेचं तेल बाजूला ठेवा आणि खाली काय उरतं ते बघा. 'इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही.' हे तर निरीक्षण आहे! प्रतिजैविकं नव्हती, गाठीच्या प्लेगने आजारी पडलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक मरत, आणि घरच्यांनी लपवून ठेवलेला रुग्ण शेवटच्या अवस्थेत इस्पितळात पोचत असे. गल्लीतली माणसं आकडे मांडत नव्हती, पण कोण गेलं आणि कोण परतलं याचा हिशोब त्यांच्याकडे होता. त्या हिशोबाचं स्पष्टीकरण त्यांनी मोमियाईत शोधलं. स्पष्टीकरण चूक होतं, हिशोब बरोबर होता. ज्याला लोकांना समजावून सांगायचं आहे, त्याला हे दोन वेगळे काढता आले पाहिजेत. नाहीतर तो तेल नाही, तेल नाही असं सांगत राहतो आणि समोरचा मनात म्हणतो, मग माझा भाऊ कुठाय?

इथे आणखी एक गोष्ट. सगळी टीका 'सनातनी' बाजूने आली, असा आपला समज असतो. पंडिता रमाबाई त्या वेळी पुण्याजवळच मुली-बायकांसाठी संस्था चालवत होत्या. त्या ख्रिस्ती झालेल्या, पाश्चात्त्य वैद्यकाच्या पुरस्कर्त्या, पुण्याच्या सनातन्यांशी त्यांचा उभा दावा. त्यांनीही १८९७ मध्ये वर्तमानपत्रात पत्र लिहून पुण्याच्या प्लेग इस्पितळात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीवर उघड टीका केली. टिळकांचं म्हणणंही एका ओळीत बसत नाही. रुग्णाला वेगळं ठेवावं, स्वच्छता पाळावी, हे त्यांना मान्य होतं. हिंदूंसाठी वेगळं प्लेग इस्पितळ काढण्यात ते पुढे होते, कारण जात, सोवळं आणि घरचं अन्न या गोष्टी सांभाळल्या तर लोक रुग्ण लपवणार नाहीत, हा साधा व्यवहार त्यात होता. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर 'केसरी'ने टीका केली आणि स्वतः टिळक पुण्यातच राहिले. त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ १९०३ मध्ये प्लेगनेच गेला. एक खुलासा करून ठेवतो, कारण नेट-सेटच्या तयारीत हे हमखास चुकतं: टिळकांवर १८९७ चा राजद्रोहाचा खटला प्लेगवरच्या लेखांसाठी झालेला नाही. तो १५ जूनच्या अंकातल्या शिवाजी उत्सवाशी संबंधित मजकुरावरून झाला. पार्श्वभूमी प्लेगची होती, आरोपपत्र वेगळं होतं.

गोखल्यांचं उदाहरण तर संशोधन पद्धतीच्या पेपरात घालावं असं आहे. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले होते. पुण्याहून मित्रांची पत्रं आली, त्यांत सैनिकांच्या अत्याचारांचे उल्लेख होते. गोखल्यांनी ते इंग्लिश वर्तमानपत्राला सांगितलं. परत आल्यावर मात्र ते आरोप पुराव्याने उभे करता येईनात आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. आता तुम्ही इतिहासकार आहात. माफी मागितली म्हणजे काही घडलंच नाही, असं म्हणणार? की घडलं होतं पण घरातली अब्रू चव्हाट्यावर आणायला कोणी साक्षीदार तयार नव्हता, असं म्हणणार? कागद दुसऱ्या शक्यतेला ना होकार देतो, ना नकार. अशा वेळी 'पुरावा नाही' आणि 'घटना नाही' यांतलं अंतर लिखाणात दिसलं पाहिजे.

टीका करणाऱ्यांची गर्दी झाली, तर प्रत्यक्ष सेवा करणाऱ्यांचंही सांगायला हवं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याबाहेर, हडपसरच्या बाजूला, प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणलं, असं सांगतात. सेवा करताना त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रँडच्या झडत्या सुरू व्हायला तेव्हा तीन दिवस होते. तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं, एकाच आठवड्यात, एकाच परिसरात, साथीशी लढण्याच्या दोन रीती होत्या. एकीत सैनिक दारात येत होते, दुसरीत एक म्हातारी बाई. दुसरीबद्दल सरकारी अहवालात तुम्हाला फारसं काही सापडणार नाही.

आता लसीकडे वळू. लसीचं पाऊल इथे नवं नव्हतं. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली आणि तिच्या दंडावरच्या फोडातलं द्रव पुढे देशभर गेलं. 'लस' या मराठी शब्दाचा मूळ अर्थच मुळी जखमेतून, फोडातून येणारं पातळ द्रव असा आहे. आज आपल्याला काचेची कुपी आणि सुई डोळ्यापुढे येते. एकोणिसाव्या शतकातल्या माणसापुढे दुसऱ्याच्या अंगातला स्राव येत असे, तोही कोणत्या जातीच्या माणसाच्या अंगातला हे माहीत नसलेला. शब्दाचा हा अर्थ विसरून 'लसीला विरोध' वाचलात तर निम्मी भीती दिसणारच नाही.

प्लेगची लस मात्र वेगळी होती. ती केली वाल्डेमार हाफकिन यांनी. ओडेसात जन्मलेले ज्यू, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून आलेले, कलकत्त्यात पटकीच्या लसीवर काम केलेले. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत कामाला लागले. मांसाच्या रश्शात प्लेगचे जिवाणू वाढवायचे, मग उष्णता देऊन मारायचे आणि तो द्रव टोचायचा. रश्शावर थोडं तूप सोडलं की त्या तुपाला लोंबकळत जिवाणू भराभर वाढतात, हे त्यांनी हेरलं होतं. गाय आणि डुक्कर टाळून बोकडाचं मांस वापरलं जाई, म्हणजे लोकांच्या मनात काय आहे याचा विचार निदान प्रयोगशाळेत तरी झाला होता. १० जानेवारी १८९७ ला हाफकिननी ही लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, दंड दुखला, उतरला. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या साधारण निम्म्या कैद्यांना लस दिली आणि उरलेल्यांशी तुलना केली. लस घेतलेल्यांत रुग्णही कमी, मृत्यूही कमी. लस काम करते याचा हा पहिला मोठा पुरावा. (तुरुंगातल्या माणसाची 'स्वेच्छा' किती खरी, हा प्रश्न आज कोणतीही एथिक्स कमिटी विचारेल. तुम्हीही विचारा.)

मग ही लस घेतली कोणी? मुंबईत खोजा समाजाने ती मोठ्या प्रमाणावर घेतली. त्यांचे तरुण धर्मगुरू आगाखान तिसरे यांनी चारचौघांदेखत स्वतःला टोचून घेतलं, आणि पुन्हा पुन्हा घेतलं. हाफकिनला प्रयोगशाळेसाठी स्वतःचा खुश्रू लॉज हा बंगला दिला. पुण्यात येरवड्याला ज्यांचा राजवाडा आपण सहलीला बघायला जातो, तेच हे आगाखान. जिवाणू, रश्शा, प्रतिकारशक्ती यांवर त्यांनी व्याख्यान दिलं म्हणून लोक तयार झाले असं दिसत नाही. आपला माणूस आधी सुई घेतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर उभा राहतो, हे लोकांनी बघितलं.

सगळीकडे असं घडलं नाही, आणि त्याची कारणं 'अंधश्रद्धा' या एका डब्यात मावत नाहीत. टोचल्यावर एक-दोन दिवस चांगला ताप यायचा, दंड सुजायचा. पगारी कारकुनाला ते परवडेल. हमाल, माळी, विणकर यांची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडायची. शिवाय ती मजुरी बुडवूनही प्लेग होणारच नाही अशी हमी नव्हती, शक्यता कमी व्हायची इतकंच. 'शक्यता कमी होते' हे आजही समजावून सांगणं किती अवघड आहे, हे २०२१ मध्ये आपण घरोघरी अनुभवलंय.

आणि एक गंमत, जी लसीकरणाचे जुने आकडे वापरणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावी. १८९८ नंतर मुंबई इलाख्यात ठिकठिकाणी लस घेतल्याचा दाखला मिळत असे. तो जवळ असला की छावणीत डांबणं, प्रवासातली अडवणूक अशा काही जाचांतून सुटका व्हायची. मग टोचून घेणाऱ्यांची संख्या वाढली तर त्याचा अर्थ काय लावायचा? लोकांना लस पटली? की छावणी नको म्हणून दंड पुढे केला? दोन्ही मिसळलेलं असणार, आणि आकड्यात ते वेगळं दिसत नाही. 'लसीकरण वाढले, म्हणजेच जनजागृती यशस्वी झाली' हे वाक्य तुमच्या आराखड्यात असेल तर आजच खोडा.

विश्वासाचं गणित उलट्या बाजूनेही चालतं, हे मुल्कोवालने दाखवलं. पंजाबातलं हे गाव. ३० ऑक्टोबर १९०२ ला तिथे १०७ जणांना प्लेगची लस टोचली आणि एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. सरकारने ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिनना कामावरून दूर केलं. पुढे चौकशीतून आलेल्या माहितीवरून असं दिसलं की बाटली उघडताना गावात सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहून हाफकिनची बाजू मांडली, तेव्हा कुठे त्यांच्यावरचा डाग पुसला गेला. पाच वर्षं! या पाच वर्षांत शास्त्रज्ञांचा वाद शास्त्रज्ञांत आणि सरकारी फायलींत चालू राहिला. गावात पोचली ती एकच बातमी, १९ माणसं सुईने मेली. ती बातमी खोटी नव्हती. ती का घडली आणि पुन्हा घडू नये म्हणून काय बदललं, हे त्या वेळी त्याच जोराने सांगितलं गेलं नाही. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिनचं नाव मिळालं, माणूस मात्र केव्हाच भारत सोडून गेला होता. भारतात प्लेगने गेलेल्यांचा एकूण आकडा तोपर्यंत एक कोटीच्या पुढे पोचला होता.

या सगळ्यावर काम करायचं तर कागद कुठे आहेत? इंग्रजी बाजूला साहित्य भरपूर आहे. आर. नेथन यांचा १८९८ चा भारतातल्या प्लेगवरचा मोठा अहवाल, प्लेग समितीचे वृत्तान्त, मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या फायली. देशी वर्तमानपत्रांचा साप्ताहिक गोषवारा सरकारी भाषांतरकार इंग्रजीत करून ठेवत, तोही मिळतो, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. इथे सावध राहा. तो गोषवारा सरकारने सरकारसाठी केलेला आहे. कोणता मजकूर 'धोकादायक' वाटला तो त्यात येतो. एखाद्या पत्राने साथीत काय खावं, घर कसं सारवावं, टोचल्यावर ताप आला तर काय करावं असं साधं मार्गदर्शन छापलं असेल, तर भाषांतरकाराला त्यात काय रस? जनजागृतीचा इतिहास लिहिणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. तेव्हा मूळ मराठी अंकांपर्यंत जा. आणि शक्य असेल तर मोडी शिका. खाजगी पत्रं, दुकानाच्या वह्या, घरखर्चाच्या नोंदी यांतला बराच भाग त्या काळी मोडीत आहे, आणि साथीत शहर कसं जगलं हे अग्रलेखापेक्षा कधीकधी वहीतल्या किराण्याच्या रिकाम्या पानांवरून जास्त कळतं.

मूळ मराठीत गेलात तरी एक बाजू गप्पच राहील. 'केसरी', 'सुधारक', 'ज्ञानप्रकाश' यांच्या पानांवर बोलणारा बहुतांशी शिकलेला, वरच्या जातीतला पुरुष आहे. 'आमच्या स्त्रियांची अब्रू' असं तो लिहितो तेव्हा ती स्त्री स्वतः काय म्हणत होती हे कळत नाही. घरं धुणारे, प्रेतं उचलणारे, कपडे जाळणारे हात कोणत्या जातीचे होते आणि त्यांना कोणी लस दिली का, हे शोधायला नगरपालिकेच्या खर्चाच्या नोंदीकडे जावं लागतं.

वर्तमानाशी तुलना करायचा मोह होतो, आणि पुण्यात तो टाळणं अवघडच. महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यातच सापडले, त्यांना नायडू रुग्णालयात ठेवलं, आणि चार दिवसांनी राज्याने लागू केला तो कायदा १८९७ चाच. विषाणू तपासणारी राष्ट्रीय विषाणू संस्था याच शहरातली, लशीच्या कुप्या भरणारी सीरम इन्स्टिट्यूट हडपसरची, म्हणजे यशवंतरावांच्या दवाखान्याच्या परिसरातलीच. जुळवाजुळव मोहक आहे, पण ती प्रबंधाचा पाया होऊ शकत नाही. २०२० मध्ये रोग कसा पसरतो हे काही आठवड्यांत कळलं होतं, १८९७ मध्ये त्याला दहा वर्षं लागली. तुलना करायचीच असेल तर कायद्याच्या कलमांची करा. ती खरंच शेजारी ठेवून वाचता येतात.

सुरुवात करणाऱ्यांसाठी एक छोटं काम सुचवतो. झडत्या शनिवारी, १३ मार्च १८९७ ला सुरू झाल्या. 'केसरी' दर मंगळवारी निघायचा, म्हणजे पुढचा अंक १६ मार्चचा. तो मिळवा, त्याच आठवड्याचा सरकारी गोषवारा मिळवा आणि समितीच्या अहवालातली त्या आठवड्याची पानं काढा. तिन्ही शेजारी ठेवून फक्त क्रियापदं लिहून काढा: कोण 'शोधतं', कोण 'लपवतं', कोण 'पळतं', कोण 'समजावतं'. 'समजावणे' हे क्रियापद तीनपैकी कोणत्या कागदात, कोणाच्या तोंडी आणि किती वेळा येतं, ते मोजा.